दुसऱ्या अंकातला माणूस

नाशिक
२८ नोव्हेंबर २०२४

ती. झुंबरमामा यांस,
सा. न.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळं ठीक आहे. फोन करणार होते. पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, मामी स्पीकर लावते आणि मग माझं म्हणणं तुमच्या अख्ख्या गल्लीला कळतं. व्हॉट्सॲपवर लिहायची भीती वाटते. आमच्या ऑफिसात कोणाचा मेसेज कोणाच्या फोनवर जाऊन पोचेल याचा नेम नाही. म्हणून हा जुना मार्ग. तुम्ही वाचा आणि आईला यातलं काही सांगू नका.

सोमवारी कालिदास नाट्यगृहात आमचं नाटक झालं. 'आत येऊ का, सर?' स्पर्धेसाठी मी लिहिलेलं पहिलंच दोन अंकी नाटक. एक सरकारी ऑफिस, बाहेर चार टेबलं आणि आत साहेबाची केबिन. साहेब कधी दिसतच नाही, फक्त त्याची बेल वाजते. बेल वाजली की बाहेरची माणसं कशी बदलतात, एवढंच नाटक. पहिल्या अंकाला लोक खूप हसले.

दुसऱ्या अंकात साहेब एका म्हाताऱ्या कारकुनाला आत बोलावतो आणि टेबलापुढे उभं करतो. बसा म्हणत नाही, जा म्हणत नाही. लोक येतात, चहा पिऊन जातात, कारकून तसाच उभा. दार उघडं असतं, प्रेक्षकांना त्याची फक्त पाठ दिसते. शेवटी त्याचे कपडे ओले होतात. साहेब बेल वाजवतो, शिपायाला म्हणतो, "इथलं पुसून घ्या." मान वर करून बघतसुद्धा नाही. आमच्या राकेशने ते काम असं केलं की थिएटरात कोणी खोकलंही नाही.

काल पेपरात परीक्षण आलं. कात्रण सोबत ठेवलंय. अभिनयाचं कौतुक आहे, प्रकाशयोजनेचंही आहे. माझ्याविषयी काय लिहिलंय ते वाचा: "दुसऱ्या अंकातला प्रसंग मात्र मुळीच पटत नाही. आज संघटना आहेत, माहितीचा अधिकार आहे, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. अशा काळात एक माणूस स्वतःची ही गत होईपर्यंत मुकाट उभा राहील, हे लेखिकेच्या कल्पनेतच घडू शकतं. भीती दाखवायची, तर भीतीचं कारणही दाखवावं लागतं."

मामा, ही कल्पना नाही. हे घडलेलं आहे. कोणाच्या बाबतीत घडलं ते मी पत्रातही लिहीत नाही. त्या माणसाला कळलं की मी त्याचं दुःख उचलून लोकांपुढे मांडलं, तर त्याला काय वाटेल याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते. तुम्ही सगळं आयुष्य आपल्या खात्यात काढलंय. तुम्ही समजून घ्याल.

आज साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्या टेबलावर तेच कात्रण होतं. आवाज चढवला नाही, ते कधीच चढवत नाहीत.

"छान लिहिता म्हणे तुम्ही. त्या म्हाताऱ्या कारकुनाचं नाव काय ठेवलंय?"

"नाव नाही ठेवलं सर."

"मग लोक ठेवतील," असं म्हणून त्यांनी कात्रणाची घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

काय करू?

तुमची,
योगिनी


निफाड
२ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र व कात्रण मिळाले. कात्रण वाचले. पुन्हा वाचले. मामीच्या हाती लागू नये म्हणून चुलीत घातले.

तू लिहितेस, हे घडलेले आहे. ही गोष्ट तुला कोणी सांगितली? त्या काळातली फार माणसे आता उरलेली नाहीत. ज्याने सांगितली त्याचे नाव मला कळव.

तू हुशार आहेस. तुला परीक्षेला मी बसवले, नोकरी लागली तेव्हा पेढे मी वाटले. पण माणसाची एखादी गोष्ट अशी असते की ती त्याच्याबरोबर सरणावर जाते. ती तिकीट लावून दाखवायची नसते. परीक्षण लिहिणाऱ्याला खोटी वाटली हे एका परीने बरेच झाले. तू पण तसेच म्हण. कल्पना आहे म्हण, आणि पुढचे प्रयोग असतील तर तो प्रसंग काढून टाक.

थंडी फार पडली आहे. पहाटे द्राक्षाच्या बागांतून शेकोट्या पेटवाव्या लागतात. माझी तब्येत ठीक.

झुंबरमामा


नाशिक
७ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मला काही उमगेना. "त्या काळातली माणसं" म्हणजे कुठल्या काळातली? मला कोणी सांगितलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय. आता लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहिते. ते भिकनभाऊ आहेत. आपले भिकनभाऊ, ज्यांना तुम्ही टिपणी कशी लिहायची ते शिकवलंत. गेल्या उन्हाळ्यात एका उशीर झालेल्या फाइलीवरून साहेबांनी त्यांना जेवणाच्या सुट्टीनंतर आत बोलावलं. मधे काच आहे. आम्ही सगळे आपापल्या जागी बसून होतो. फरशी आमच्या शिपायाने, फकिराने पुसली. दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ नेहमीसारखे आले, डबा टेबलाखाली ठेवला आणि आवक रजिस्टर उघडलं. त्यावर आजवर कोणी एक शब्द बोललेलं नाही. मला घरी आल्यावर ते डोळ्यांपुढून हलेना, म्हणून मी लिहायला बसले.

आता पुढचं ऐका. मंगळवारी मला नोटीस आली. परवानगी न घेता नाटक लिहिलं, कार्यालयाची बदनामी होईल असा खोटा प्रसंग रंगवला, खुलासा करा. चौकशीला वरून एक बाई येणार आहेत, सोमवारी १६ तारखेला.

बुधवारी साहेबांनी स्टाफला एकेक करून आत घेतलं. एक टाइप केलेला कागद होता: "आमच्या कार्यालयात असा कोणताही प्रकार कधीही घडलेला नाही." सगळ्यांनी सह्या केल्या. फकिरानेसुद्धा केली. बाहेर येऊन तो माझ्या टेबलाशी थांबला आणि म्हणाला, "ताई, पोरीचं लग्न हाय." मी म्हटलं, "जा तुम्ही. मी काही म्हणत नाही."

सगळ्यात शेवटी भिकनभाऊंना बोलावलं. या वेळी दार बंद होतं. बाहेर आले तेव्हा हातात तसाच दुसरा कागद होता, बिनसहीचा. साहेबांनी उद्या सही करून आणा म्हणून घरी दिला होता. ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. चप्पल घातली आणि गेले.

मामा, त्या दिवसापासून भिकनभाऊ आले नाहीत. फोन बंद. काल मी पंचवटीत त्यांच्या घरी जाऊन आले. लंकाबाई दारातच उभ्या राहिल्या, मला आत या म्हणाल्या नाहीत.

"भाऊ कुठे आहेत?"

"गावाला गेलेत."

"कुठल्या गावाला?"

"सांगून नाही गेले."

त्या रडत नव्हत्या. नवरा न सांगता गेलाय आणि बाई रडत नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. त्यांच्यामागे खिडकीत भाऊंच्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं असायची. ती नव्हती. माणूस गोळ्या घेऊन गेला म्हणजे जगायला गेला असेल ना? की सगळ्या एकदम घ्यायला?

मीच केलं का हे? साहेबांनी एका दुपारी त्यांची लाज काढली आणि मी ती सातशे खुर्च्यांपुढे पुन्हा काढली. वरून परीक्षणवाले म्हणतात असं घडूच शकत नाही. म्हणजे भाऊंनी सोसलं तेही खोटंच ठरलं.

ते तुमच्या हाताखाली होते. त्यांचं कोणी नातेवाईक, कुठलं गाव, काही आठवत असेल तर लगेच कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत पत्ता लागला नाही तर मी पोलिसात जाणार आहे.

योगिनी


निफाड
१० डिसेंबर २०२४

चि. योगिनीस आशीर्वाद.

तुझे पत्र आज मिळाले. पाहुणे आहेत म्हणून थोडक्यात लिहितो.

भिकन जिवाचे काही करून घेणारा माणूस नाही. हे मी खात्रीने लिहितो. पोलिसात जाऊ नकोस. तक्रार झाली तर ती तुझ्या साहेबाच्याच कामी येईल. लंकाबाईंना पुन्हा त्रास देऊ नकोस.

तू स्वतः काही लिहून देऊ नकोस. मागचे माझे पत्र फाडून टाक. ते मी दुसऱ्याच समजुतीत लिहिले होते.

झुंबरमामा


नाशिक
१३ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्ही खात्रीने लिहिता. तिथे निफाडला बसून कसली खात्री?

काल सकाळी पेपरात चार ओळी आल्या. कालव्यात पुरुषाचं प्रेत सापडलं, वय अंदाजे पंचावन्न, ओळख पटलेली नाही, अंगात फिकट निळा शर्ट. भिकनभाऊंचा तसा शर्ट आहे. मी रजा टाकली आणि राकेशला घेऊन सिव्हिलला गेले. ज्या राकेशने स्टेजवर भिकनभाऊंचं काम केलं, तो माझ्यासोबत त्या गार खोलीच्या बाहेर बाकावर बसला होता. आमचा नंबर येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. मग म्हणाला, "तू बाहेर थांब, मी बघतो." मी म्हटलं, "लिहिलंय मी, बघणारही मीच."

ते नव्हते. कोणी दुसरंच होतं. त्या माणसाचेही कोणीतरी असेल, पण मला त्या क्षणी एवढा आनंद झाला की मी भिंतीला टेकले आणि हसले. तिथला कर्मचारी माझ्याकडे बघत राहिला. अशी झालेय मी.

ऑफिसात माझ्याशी कोणी बोलत नाही. चहा येतो तेव्हा माझ्या टेबलावर कप ठेवून पोरगं पळतं. बेल वाजली की मी खुर्चीतून अर्धी उठते. लोकांना वाटतं ज्याने भीतीवर लिहिलं त्याची भीती गेली. उलट आहे मामा. पूर्वी नुसती भीती वाटायची, आता ती कशी दिसते हेही माहीत आहे.

साहेबांनी आज पुन्हा बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं. म्हणाले, "हे बघा, मी काही सूडबुद्धीचा माणूस नाही. प्रसंग पूर्णपणे काल्पनिक आहे आणि त्याबद्दल मला खेद आहे, एवढं लिहून द्या. परीक्षकांनीसुद्धा तेच म्हटलंय ना?" स्पर्धेचा निकाल लागलाय. राकेशला अभिनयाचं बक्षीस मिळालं. नाटकाला काही नाही. परीक्षकांचा शेरा आहे, "दुसरा अंक अविश्वसनीय." साहेबांनी तोही मिळवला होता.

मग म्हणाले, "भिकनचा काही पत्ता? तुमच्यामुळे बिचाऱ्याला फार मनस्ताप झाला."

मी तो खुलासा लिहून ठेवलाय. सोमवारी त्या बाईंच्या हातात देणार. भाऊ कुठे असतील तिथे त्यांना कळेल की प्रकरण मिटलं, मग तरी ते घरी येतील. आपल्याकडे आणखी एखादा प्रयोग ठरला तरी तो प्रसंग नसेल. तुमचीही तीच इच्छा होती. आता तरी तुमचं समाधान होईल.

योगिनी


निफाड
१५ डिसेंबर २०२४

चि. योगिनी,

हे पत्र आमच्या गल्लीतल्या हर्षालीबरोबर पाठवतो आहे. ती आज नाशिकला जाते आहे, संध्याकाळच्या आत तुझ्या हातात देईल. उद्या सकाळी तो खुलासा द्यायचा नाही. आधी हे पूर्ण वाच.

भिकन माझ्याकडे आहे. त्या गुरुवारी दुपारी दारात येऊन उभा राहिला. हातात एक पिशवी, पिशवीत गोळ्या, एक कपड्याचा जोड आणि तो कागद. लंकाबाईंना पहिल्याच दिवशी कळवले होते. तुला कळवू नका, अशी त्याने मला शपथ घातली होती. तुझे तोंड त्याला बघवणार नाही म्हणत होता. तुझ्यावर राग म्हणून नव्हे, ते पुढे लिहितो. तू प्रेत बघायला गेलीस हे वाचल्यावर मी ते पत्र त्याच्या हातात दिले. वाचून तो म्हणाला, "अण्णा, मोडा आता शपथ. पोर मरंल भीतीनं."

आता माझे. तुझे पहिले पत्र आले तेव्हा मला वाटले की तू माझेच नाटक केलेस.

पेठला होतो मी तेव्हा, नवीनच लागलेलो. तिथले साहेब गेले, वारले, त्यांचे नाव घेत नाही. एका सर्क्युलरची नक्कल मी चुकवली होती. त्यांनी मला उभे केले. तुझ्या नाटकात झाले तेच झाले. परीक्षणात ते वाचले आणि माझे कान बंद झाले. तू लिहिले होतेस, "त्याचं दुःख उचलून लोकांपुढे मांडलं". तुझ्या साहेबांविषयी सगळे त्या पत्रात होते, पण मला दिसले ते फक्त माझे. इतकी वर्षे मला वाटत होते की या जगात हे एकट्या माझ्याबाबतीत घडले. दुसऱ्या कोणाचे असेल हे मनातच आले नाही. म्हणून मी तुला तसे तोडून लिहिले.

भिकन आल्यावर चार दिवस आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. धाकट्या भावाच्या बागेत जायचो, शेकोटीशी बसायचो. एका सकाळी त्याने तो कागद काढून माझ्यापुढे धरला.

"अण्णा, तुम्ही मला लिहायला शिकवलं. आता सांगा काय लिहू. घडलं नाय म्हणून सही केली तर माझी लाज ऱ्हाती, पण पोर खोटी पडती, नोकरी जाती तिची. घडलं म्हणून लिहिलं तर माझी नातवंडं वाचतील. म्हणून मी पळालो. सही पण नको आन् नकार पण नको."

मी त्याला म्हणायला पाहिजे होते की पोरीसाठी खरे सांग. मला म्हणता येईना. ज्याने स्वतः कधी सांगितले नाही त्याने दुसऱ्याला कसे सांगायचे? मग मी त्याला पेठचे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून निघाले. सांगताना माझे दात वाजत होते, आणि समोर शेकोटी होती.

भिकनने ऐकून घेतले. मग एवढेच विचारले, "तवा कोणी नाटक केलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं?"

"त्याला शिव्या दिल्या असत्या," मी म्हणालो.

"मी पन दिल्या," तो म्हणाला. "पेपर वाचला तवा लय दिल्या. पन पुढं ते वाचलं ना, असं घडूच शकत नाय म्हणून. तवा डोक्यात गेलं. म्हटलं, अरे, तू होतास का तिथं?"

त्यानंतर त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. शेकोटीत टाकला नाही, हे मी नीट पाहिले.

तुझे तोंड बघवत नव्हते त्याचे कारण असे. त्याला वाटत होते, या सगळ्या ऑफिसात आपल्यासाठी एकटी पोर बोलली, आणि आपण चप्पल घालून पळालो.

उद्या आम्ही दोघे पहिल्या बसने येतो. तो काय बोलेल ते मला ठाऊक नाही, त्यालाही नाही. दारातून परत फिरला तरी त्याला दोष देऊ नकोस. पण तू तुझ्या हाताने ते खोटे लिहून देऊ नकोस. मला फार भीती वाटते आहे. मला आत येऊ देणार नाहीत, मी बाहेर बाकावर बसेन.

झुंबरमामा


नाशिक
२१ डिसेंबर २०२४

ती. मामा,
सा. न.

सोमवारी तुम्ही बाकावर बसला होतात, नंतर बसची घाई झाली, आणि रस्त्यावरच्या गोंगाटात मी ओरडून सांगितलेलं तुम्हाला अर्धंच कळलं असेल. म्हणून आत काय झालं ते नीट लिहिते.

चौकशी साहेबांच्याच केबिनमध्ये होती. त्याच टेबलाशी. आलेल्या बाई साहेबांच्या शेजारी बसल्या होत्या, मी बाजूच्या खुर्चीवर. माझा खुलासा पर्समध्ये होता. फाडला नव्हता, खरं सांगते. तुमचं पत्र वाचूनही फाडला नव्हता. भाऊ दारातून फिरले असते तर मी तो दिला असता.

भाऊ आत आले. साहेब हसून म्हणाले, "या भिकन, या. बसा ना." इतका गोड आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

भाऊ म्हणाले, "नको साहेब. त्या दिवशी जिथं उभा होतो तिथूनच सांगतो."

आणि सांगितलं. मान खाली होती, आवाज एवढा बारीक की बाईंना दोनदा "जरा मोठ्याने" म्हणावं लागलं. मला वाटलं मोठ्याने म्हटल्यावर ते थांबतील. ते मोठ्याने बोलले. बाहेर काचेपलीकडे टायपिंग बंद झालं.

बाईंनी विचारलं, "किती वेळ उभे होता?"

"घड्याळ साहेबांच्या डोक्यावर हाय, मॅडम. वर बघायची हिंमत नव्हती."

साहेब म्हणाले, "भिकन, तुम्हाला डायबिटीस आहे. तब्येतीमुळे एखादे वेळी होतं असं. त्याचा कामाशी संबंध जोडणं..."

"डायबिटीस हाय ना साहेब. म्हणून तर मी तीनदा विचारलं, जाऊ का?"

बाई साहेबांकडे वळल्या. "विचारलं होतं का त्यांनी?"

"आठवत नाही," साहेब म्हणाले.

बाईंनी ते लिहून घेतलं. "आठवत नाही." पेनचा आवाज मला ऐकू आला.

मग सह्यांचा कागद पुढे आला. सगळ्यांच्या सह्या, घडलेलं नाही म्हणून. बाईंनी तो भाऊंपुढे धरला आणि मला वाटलं संपलं. तेवढ्यात फकिरा पाण्याचा ट्रे घेऊन आला होता, तो तिथेच थांबला. ग्लास एकमेकांवर वाजत होते. साहेब म्हणाले, "ठेव आणि जा." तो गेला नाही. म्हणाला, "मॅडम, त्यात माझी पन सही हाय. पन फरशी मी पुसलीय."

एवढंच बोलला आणि ट्रे घेऊन तसाच बाहेर गेला. पाणी कोणाला दिलंच नाही.

मी पर्स उघडली नाही.

आता निकाल कधी लागेल माहीत नाही. साहेब केबिनमध्येच आहेत, बेल वाजतेच आहे. काल माझी बदली आली, सुरगाण्याला, प्रशासकीय कारणास्तव. फकिराला मेमो आहे. भाऊंचं अजून काही नाही, आणि काही नसणं हेच त्यांना छळतंय. पण दोघं एका डब्यात जेवतात आता, सगळ्यांसमोर, भाऊंच्या टेबलावर. काल आणखी एक बाई आपला डबा घेऊन तिथे जाऊन बसली.

परीक्षण लिहिणाऱ्यांचा फोन आला होता. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं. म्हणाले, "म्हणजे ते खरं होतं?" मी म्हटलं, "नाटकात पटलं नाही, फोनवर कसं पटेल?" ते म्हणाले, पुन्हा लिहू का, त्या गृहस्थांना भेटता येईल का? मी भाऊंना विचारलं. ते म्हणाले, "पेपरात नको. ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं." आणि मग दारातून वळून म्हणाले, "नाटकातला परसंग मात्र काढायचा नाय."

जानेवारीत आम्ही इथेच एक छोटा प्रयोग करतोय. सुरगाण्याहून येईन मी. भीती गेलेली नाही मामा. रात्री झोप नाही. पण तुमच्यासारखी दात वाजवून बोलणारी माणसं पाहिली, तेव्हापासून भीती गेल्यावरच बोलायचं असतं असं आता वाटत नाही.

एक विचारू? मामीला सांगितलंत का पेठचं?

तुमची,
योगिनी


निफाड
२९ डिसेंबर २०२४

चि. योगिनीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचले. ट्रे घेऊन फकिरा बाहेर आला तेव्हा तो माझ्याच शेजारी येऊन बसला होता. एक ग्लास त्याने मला दिला आणि एक स्वतः प्याला. आत काय बोलून आला हे मला आज कळले.

सुरगाण्याला थंडी असते, मामीची गोधडी घेऊन जा. खोली बघताना एस.टी. स्टँडजवळची बघ. बदलीवर अर्ज आत्ताच करू नकोस, चौकशीचा निकाल येऊ दे. तो कसाही येवो. मी नोकरीत असे निकाल पुष्कळ पाहिले आहेत, आशा धरायला सांगत नाही. प्रयोगाला मी येणार आहे. भिकन पण येतो म्हणतो, शेवटच्या रांगेत बसेन म्हणतो, दाराजवळ.

तू विचारलेस त्याचे उत्तर.

परवा दुपारी मामी वाटाणे सोलत बसली होती. मी समोर जाऊन बसलो. म्हणालो, "यशोदा, भिकनचे जे झाले ना, ते माझेही झाले होते. पेठला." पुढचे सांगायचे होते, पण ते सगळे सांगायची वेळच आली नाही.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कसे?"

"त्या दिवशी तुम्ही घरी आला अन् म्हणाला, वाटेत पावसानं गाठलं. शर्ट कोरडा होता. पँट मीच धुतली ना."

इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचेस, असे म्हणालो.

तेव्हा तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितले.

"तुम्ही पाऊस म्हणाला. मी पाऊस म्हटलं," ती म्हणाली. "मार्च महिना होता."

झुंबरमामा